बिनआवाजाचा सौदा

दाराबाहेर

माझ्या गळ्यात काय झालंय ते सगळ्यांत शेवटी मला कळलं. आधी डॉक्टरांना, मग माझ्या धाकट्या भावाला, दिनकरला, मग माझ्या बायकोला, शालनला. त्यानंतर भावाच्या सासरवाडीला आणि गोठ्याशेजारच्या चहावाल्याला. गळा माझा, आणि त्याची बातमी मला सोडून अख्ख्या पेठेत. हा राग माझा अजून गेलेला नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय, पण राग लपवून लिहिणं मला जमणार नाही. म्हणून तो आधीच सांगून टाकला.

मी म्हशींचा धंदा करतो. कोल्हापुरात माझा गोठा आहे. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर नेतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतो. शिवाय आठवड्याच्या बाजारात म्हशी घेतो, विकतो. मलकापूरजवळच्या एका वाडीतून इथे आलो तेव्हा माझ्याकडे एक चादर होती आणि मोठा आवाज होता. चादर केव्हाच फाटली. गोठा उभा केला तो आवाजावर. बाजारात मी ओरडलो की समोरचा अर्धा तिथेच मोडायचा. उरलेला अर्धा, मी फणकारून उठून चालायला लागलो की मोडायचा.

तो आवाज बसला. आधी वाटलं, बाजारात ओरडून बसला असेल. मध झाला, काढा झाला, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. शालन म्हणाली, "चार दिस गप बसा, आपोआप सुटंल." चार दिवस गप्प बसणं मला जमलं नाही आणि आवाज सुटला नाही. मग एका डॉक्टरांनी नाकातून नळी घालून आत बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि निकालाच्या दिवशी मी आणि दिनकर दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते. कागद बघून मला म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी यांच्याशी दोन मिनिटं बोलतो."

मी बाहेर बाकावर बसलो. दाराला काच होती. बाजारात लांब उभं राहून, नुसते दोन माणसांचे खांदे बघून मी सांगू शकतो की सौदा जमला का फिसकटला. त्या काचेतून मला दिनकरचे खांदे दिसले.

तो बाहेर आला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाय आण्णा, जरा सूज हाय. बारकं आपरेशन करावं लागंल."

"बारकं म्हंजे?"

"बारकंच की."

"मग डोळ्यांत पाणी का तुझ्या?"

"एसी लई हाय आत."

घरी आल्यावर दिनकर आत शालनशी कुजबुजला, सासरवाडीला फोन लावला आणि गोठ्याशेजारी चहा प्यायला थांबला. दिनकर आपल्या घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन शालनला म्हणालो, "दिनूनं सगळं सांगितलं मला."

ही धंद्यातली जुनी चाल आहे. भाव आपल्याला आधीच माहीत आहे असं समोरच्याला वाटू द्यायचं. मग तो स्वतःच सांगतो. शालनच्या हातातलं ताट खाली पडलं आणि ती रडायला लागली. "सांगितलं व्हय? आन आवाज कायमचा जाणार, त्ये बी सांगितलं?"

असा मला माझा आजार कळला. स्वतःच्या बायकोला फसवून.

समोर बसून

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच दवाखान्यात गेलो. उरलेल्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो. "गळा कुणाचा हाय? माझा का माझ्या भावाचा?"

डॉक्टरांनी बाहेरच्या पेशंटना थांबवलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "चुकलं माझं. बहुतेक घरची माणसं सांगतात, पेशंटला कळू देऊ नका, धीर सोडेल. म्हणून सवय झाली."

"धीर सोडायचा का न्हाय त्ये मी ठरवीन," मी म्हणालो. "बोला आता."

ते बोलले. कॅन्सर स्वरयंत्रात होता आणि बराच पसरला होता. स्वरयंत्र काढावं लागणार. नाकातोंडाने श्वास घेणं बंद होणार, गळ्याला पुढून एक भोक ठेवणार आणि पुढे तिथूनच श्वास. मी घासाघीस सुरू केली. अर्धं काढा. नुसता शेक द्या, रेडिएशन का काय ते. आधी औषधं देऊन बघू, दिवाळीनंतर ठरवू. डॉक्टर प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होते, न चिडता. अर्धं काढून का भागणार नाही ते त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. थांबलो तर काय होईल तेही सांगितलं. आयुष्यात मी खूप सौदे केले, पण तसूभरही खाली न येणारा माणूस तिथे पहिल्यांदा भेटला. आणि मला तो आवडला, कारण तो खोटं बोलत नव्हता.

शेवटी मी विचारलं, "काढल्यावर जगंन?"

"चांगली शक्यता आहे. खात्री कुणीच देणार नाही."

"मग काढा."

सौदा वाईटच होता. पण समोर बसून केला, आणि त्या रात्री मला झोप लागली. जे घरच्या माणसांचा निकाल घेऊन दाराबाहेर उभे आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच आहे: आत जा आणि ज्याचा आहे त्याला सांगा. तो रडेल, ओरडेल, तुम्हाला शिव्या देईल. पण ज्याला भाव माहीत नाही त्याला घासाघीस करता येत नाही.

ऑपरेशनच्या आधी हातात थोडे दिवस होते. ज्यांच्याशी भांडायचं राहून गेलं होतं त्यांच्याशी भांडून घेतलं. पेंडवाल्याशी भांडलो, महानगरपालिकेच्या एका मुकादमाशी भांडलो. गोठ्यात जाऊन एकेका म्हशीला नावाने हाक मारली. दिनकर रोज येत होता, पायाशी बसत होता. त्याच्याशी मात्र एक शब्द बोललो नाही. म्हटलं, माझ्या माघारी बोलतोस काय, मग बोल.

चमचा आणि पाटी

शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा शिवी देण्याचा प्रयत्न केला. ओठ हलले. बाकी काही झालं नाही. ते काय असतं ते सांगायला मला अजून शब्द सापडत नाहीत. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं काहीतरी.

पुढचे दिवस एकसारखे. सकाळी सिस्टर यायच्या, गळ्यातल्या भोकात नळी घालून कफ ओढून घ्यायच्या. त्या वेळी गुदमरल्यासारखं व्हायचं आणि दर वेळी वाटायचं, आता संपलं. ते संपायचं नाही, उलट मोकळं वाटायचं. मग वाफ. मग नाकातल्या नळीतून पातळ खाणं. चव नाही, वास नाही, भूक नाही. मग डॉक्टरांची फेरी. मग शालन.

बोलवायला आणि उत्तर द्यायला माझ्याकडे एक स्टीलचा चमचा होता. पलंगाच्या दांडीवर एकदा वाजवला तर हो, दोनदा वाजवला तर नाही. तिसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डला माझा स्वभाव कळला. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुमचं 'नाही' खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय." मी चमचा दोनदा वाजवला. त्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि तेव्हा कळलं की हसण्याचाही आवाज गेला आहे. नुसते खांदे हलतात.

त्याच सिस्टरनी एक दिवस हातात आरसा दिला. "आजपासून भोक तुम्ही साफ करायचं." मी मान फिरवली. त्यांनी आरसा तसाच धरून ठेवला. त्यांचा हात दुखायला लागला असणार, पण खाली घेतला नाही. शेवटी मी बघितलं. वाटलं होतं तेवढं भयानक नव्हतं. म्हशीच्या पायातली जखम मी याहून वाईट बघितली होती आणि स्वतःच्या हाताने धुतली होती. मग हीच धुवायला काय झालं? त्या दिवसापासून ते काम माझं झालं, आणि माझ्या अंगातली एक तरी गोष्ट पुन्हा माझ्या ताब्यात आली.

शालनने पाटी-पेन्सिल आणून दिली होती. पाटीवर भांडता येत नाही. राग येतो एका क्षणात आणि लिहायला लागतं मिनिट. मी दात-ओठ खात लिहायचो, तोवर ती म्हणायची, "लिवा की सावकाश, कोण न्हाय म्हणतंय. तवर मी डबा धुऊन येते." ती परत येईपर्यंत राग निवलेला असायचा आणि पाटीवरचं वाक्य वाचून माझं मलाच खुळ्यासारखं वाटायचं. पुसून टाकायचो. तिला तर मी हरवूच शकत नव्हतो, कारण तिने पाठ फिरवली की भांडण संपलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा उपाय तिला आधी सापडला नव्हता एवढंच माझं नशीब.

नळी काढल्यावर पहिल्यांदा तोंडाने घेतलं ते पातळ ताक. जिभेला आंबट लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. ज्यांना अजून नळी आहे त्यांना सांगतो, तो दिवस येतो.

चंद्री

घरी आल्यावर विजेच्या शेकाच्या खेपा झाल्या. गळ्याची कातडी काळी पडली, गिळताना काटे टोचायचे. ते दिवस मी भिंतीकडे तोंड करून काढले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ते संपले, एवढंच सांगण्यासारखं.

तोवर गोठा दिनकर आणि शालन बघत होते. दिनकर साखर कारखान्यात नोकरीला आहे. बिद्रीला कारखान्याची पाळी संपवून तो सरळ गोठ्यात यायचा. एक दिवस माझ्यासमोर शालनला म्हणाला, "वयनी, आण्णाला आता हे झेपायचं न्हाय. वैरणीची धूळ त्या भोकात गेली तर? दिवाळीपातूर सगळ्या इकून टाकू." मी खोलीतच बसलो होतो. पण बोलत नाही म्हणजे ऐकतही नाही असं लोकांना वाटतं.

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दिवाळीपर्यंत मी बघतो. नाही जमलं तर विका.' आणि पाटी शालनच्या हातात दिली, दिनकरच्या नाही.

दुसऱ्या दिवशी गळ्याला ओली मलमलीची पट्टी बांधून गोठ्यात गेलो. धूळ अडली. पण वास नव्हता. श्वास नाकातून जात नाही तर वास कुठून येणार? पेंड आंबली आहे का, दूध फिरलं आहे का, हे मी आयुष्यभर नाकाने ओळखलं. आता पेंडेचं पोतं उघडलं की शालनला बोलवायचं आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. ते एक वेळ जमलं. चंद्री जमेना.

चंद्री माझी सगळ्यात चांगली म्हैस. तिचं रेडकू जन्मल्या-जन्मल्याच दगावलं होतं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वरच चढवून धरते. चंद्री सोडायची ती माझ्या हाकेवर. मी कासेला पाणी मारायचो, तिच्या पाठीवर थाप द्यायचो आणि मोठ्याने चार प्रेमाच्या शिव्या द्यायचो. तिचा कान मागे वळायचा आणि आचळं भरायची. आजारपणात ती आटत चालली होती. कट्ट्यावर चंद्रीचं दूध मागणारी गिऱ्हाइकं होती आणि ती दुसरीकडे वळायला लागली होती. ती आटली तर दिनकरचं खरं होणार, हे मला दिसत होतं.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी मला एक यंत्र दिलं होतं. बॅटरीसारखं दिसतं, गळ्याला टेकवून ओठ हलवले की सपाट, घुमणारा आवाज येतो. घरात मी ते लाजेने वापरत नव्हतो. पण चंद्रीपुढे कसली लाज? गळ्याला लावलं आणि म्हणालो, "चंद्री, सोड गं." चंद्रीने डोळे फिरवले, दाव्याला हिसका दिला आणि अशी लाथ मारली की बादली भिंतीवर जाऊन आपटली. शेजारच्या दोघी म्हशीही उठून उभ्या राहिल्या. मी शेणात बसलो होतो, हातात यंत्र गुणगुणत होतं.

मग मी बादलीच्या बुडावर ताल धरून बघितला. घुंगरं बांधून बघितली. पेंड वाढवली. पेंड तिने खाल्ली आणि दूध दिलं नाही. मीसुद्धा गिऱ्हाइकाशी तसंच वागलो असतो, म्हणून तिचा राग आला नाही.

एका संध्याकाळी मी असाच हरून कासेखाली बसलो होतो. शालन पाण्याची घागर घेऊन आत आली. मला बघितलं, चंद्रीला बघितलं. घागर खाली ठेवली, पदर खोचला, चंद्रीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली, आणि ज्या बाईने लग्न झाल्यापासून दारात उभी राहून कुणाला मोठ्याने हाकसुद्धा मारली नव्हती तिने तोंड सोडलं.

"का गं ए सटवे! कुणाची वाट बघतीयास, तुज्या बाची? पेंड खाताना बरं तोंड चालतंय तुजं! सोड की, भवाने! सोडतीस का घालू बाजारात?"

शब्द माझे होते. ठेका माझा होता. 'सोड की' म्हणताना मी जिथे आवाज चढवायचो तिथेच तिने चढवला. मी कासेखाली बसल्या बसल्या थिजलो. चंद्रीचा डावा कान मागे वळला. मी हात लावला. आचळं भरली होती.

धार सुरू झाली तशी शालन भानावर आली आणि तोंडावर हात घेतला. "आगं बया! कुणी ऐकलं तर न्हाय?"

ओठांनी मी म्हणालो, अजून एक दे. आतापर्यंत ती माझे ओठ वाचायला शिकली होती, शिव्या सगळ्यांत आधी. तिने अजून एक दिली.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला आणि तेवढाच रागही आला. माझा आवाज माझ्याच घरात होता, पण दुसऱ्याच्या तोंडात. आता चंद्री शालनची ऐकणार. मी नुसता हात. दोन दिवस मी फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी दुधाचा पेला हातात घेतला, वर फेस होता, आणि मनाशी म्हटलं, जे मिळतंय ते सोडून जे गेलं त्याच्यासाठी अडून बसणारा व्यापारी मी कधीच नव्हतो. मग आताच कशाला?

आता शालन रोज संध्याकाळी कट्ट्यावर येते. पहिल्या दिवशी लाजून हळूच बोलली, चंद्रीने दाद दिली नाही, तेव्हा चिडून मोठ्याने बोलली. पेले घेऊन उभी असलेली माणसं हसून हसून वाकली. एक जुनं गिऱ्हाईक मला म्हणालं, "मालक, तुमच्यापेक्षा काकींच्या शिव्या झणझणीत हायत की!" अलीकडे माणसं दुधाला येतात का शिव्यांना, मला कळत नाही. पेले मात्र रिकामे होतात.

टॉवेल

कट्टा चालू झाला, पण म्हशी नुसत्या सांभाळून गोठा टिकत नाही. भाकड विकावी लागते, दुभती आणावी लागते. म्हणजे बाजार. पेठ वडगावच्या बाजारात गेलो तेव्हा टेम्पो दिनकरने चालवला. मला चालवता आला असता. शालनने ऐकलं नाही.

पहिल्याच वेताच्या एका पहिलारू म्हशीवर माझी नजर बसली. मी जवळ गेलो, दात बघितले, कास बघितली. मालकाने माझ्या गळ्याची पट्टी बघितली आणि तो दिनकरकडे वळला. "पावणं, तुमच्या भावाला सांगा, म्हस एक नंबर हाय." मी समोर उभा आणि हा मला निरोप पाठवतोय! मी चिडलो. चिडलो की खोकला येतो, आणि माझा खोकला तोंडातून येत नाही, पट्टीतून येतो. पट्टी भिजली. भोवतालची माणसं दोन पावलं मागे सरली. एकजण "अरारा" म्हणाला. मी जन्मभर ज्या बाजारात छाती काढून फिरलो तिथे मला वाटलं, टेम्पोत जाऊन बसावं आणि दिनकरला म्हणावं, विक सगळ्या.

तेवढ्यात मागून बाबू नाना आला. हा व्यापारी माझा वीस वर्षांचा वैरी. आमची अशी भांडणं झालेली की लोक खरेदी सोडून बघायला जमायचे. तो नेमकी तीच म्हैस विकायला आला होता. तिचा मालक त्याचा मेहुणा निघाला, सौदा नानाच्याच हातात होता. त्याने मला पायापासून गळ्यापर्यंत बघितलं.

"बोलाय येत न्हाय म्हणं तुला?"

मी मान हलवली.

"बरं झालं. कान किटलं हुतं माझं." खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने स्वतःच्या हातावर टाकला. "बोलाय कोण सांगतंय? आन हात."

जुनी माणसं असाच सौदा करायची. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्यांना काही कळत नाही. मी पोरवयात शिकलो होतो आणि सोडून दिलं होतं. ज्याचा आवाज बाजारभर घुमतो त्याने टॉवेलखाली कशाला शिरायचं?

मी हात घातला. नानाने बोटं दाबली. आकडा ऐकून, म्हणजे समजून, माझे डोळे विस्फारले.

"काय बघतोस? आजारी हायस म्हणून सूट देऊ? माझा जावई हायस व्हय?"

त्या एका वाक्याने मी बरा झालो असं म्हटलं तरी चालेल. किती महिने झाले, प्रत्येक जण माझ्याशी मऊ बोलत होता. हा पहिला माणूस मला लुबाडायला निघाला होता.

मी त्याची दोन बोटं धरली. तो उखडला. "म्हस घेतोयस का कोंबडी?" पूर्वी यावर मी ओरडलो असतो, तो ओरडला असता. आता मी गप्प. त्याची बोटं तशीच धरून उभा. तो बोलायला लागला: म्हस किती दूध देईल, तिची आई कसली होती, मेहुण्याच्या पोरीच्या लग्नाची अडचण काय आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो बोलत गेला आणि बोलता बोलता त्याचा आकडा खाली येत गेला. गप्प माणसासमोर उभं राहणं कुणालाच जमत नाही, समोरचा ती जागा भरायला जातो आणि स्वतःच खाली उतरतो. हे मला आवाज असताना कधी कळलं नव्हतं, कारण तेव्हा ती जागा मीच भरत होतो.

शेवटी त्याने माझा पंजा घट्ट दाबला आणि टॉवेल झटकला. "घे. पण पुढच्या बाजारी ये, बघतो तुला."

टेम्पो निघाला. म्हैस मागे. दिनकरने विचारलं, "कितीला ठरली?"

मी बाहेर बघत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं. सौदा झाला होता, त्याच्या डोळ्यांसमोर झाला होता, आणि त्याला काहीच माहीत नव्हतं. मला बरं वाटलं. आता तू बस बाकावर, म्हटलं.

हायवेला लागल्यावर तो रस्त्याकडे बघतच बोलला. "आण्णा, त्या दिवशी आत मला बी कुणी खुर्चीवर बसा म्हटलं न्हाय. डॉक्टर म्हणाले असं-असं हाय, आन पेशंटला सांगायचं का न्हाय तुमी ठरवा. म्या काय ठरवणार? मी तर तुमाला इचारल्याबिगर सायकल बी घेतली न्हाय कधी."

मी ऐकलं. माफ केलं असं म्हणणार नाही, तो शब्द मला मोठा वाटतो. पण गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मी गियरवरचा त्याचा हात घेतला आणि बोटं दाबून आकडा सांगितला.

त्याने हिशोब लावला आणि म्हणाला, "एवढ्यात? खोटं बोलताय."

तपासणी

दिवाळी झाली. म्हशी विकल्या नाहीत. त्यानंतरच्या तपासणीला पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच काचेच्या दाराच्या आत मी आणि दिनकर बसलो. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, फोटो लावून बघितला आणि सांगायला तोंड उघडलं. सवयीने असेल, त्यांची नजर दिनकरकडे गेली.

दिनकर ताडकन उठला. "त्यास्नी सांगा, डॉक्टर. मी भाईर बसतो." आणि दाराकडे निघाला.

पाटी माझ्या पिशवीत होती. काढायला वेळ लागला असता, तोवर तो बाहेर गेला असता. मी खिशातलं यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं. डॉक्टरांसमोर, दार अर्धवट उघडं, बाहेर बाकावर माणसं.

"दिनू. बस."

त्याचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. ऑपरेशनच्या आधीपासून त्याने माझा आवाज ऐकला नव्हता, आणि हा तर माझा आवाजही नव्हता. तो येऊन बसला.

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत बोलले. काही दिसत नाही, स्वच्छ आहे, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. मी यंत्र पुन्हा लावलं आणि म्हणालो, "सहा." ते म्हणाले, "तीन." मी म्हणालो, "चार." ते हसले, पण खाली आले नाहीत. म्हटलं ना, तसूभरही नाही.

बाहेर आल्यावर दिनकर त्याच बाकावर बसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आण्णा, यष्टी स्टँडवरच्या कर्ण्यावानी आवाज येतोय तुमचा."

त्यावर मी जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण म्हणालो, आणि पाटीवर नाही.